वेटलिस्टवरचे सहा महिने आणि दुसरा अर्ज

जानेवारी 2023. नोव्हेंबरमध्ये ज्या मेडिकल स्कूलने मला मुलाखतीला बोलावलं होतं, तिथून ईमेल आली: तुमचं नाव पर्यायी उमेदवारांच्या यादीत ठेवलं आहे. आईने विचारलं, "म्हणजे झालं की नाही झालं?" मला उत्तर देता येईना. नकार आला असता तर रडून मोकळी झाले असते. इथे दार बंदही नव्हतं आणि उघडंही नव्हतं.

मी दहावीपर्यंत कऱ्हाडला मराठी शाळेत शिकले. बाबांचं ग्रीन कार्ड झालं तसे आम्ही न्यू जर्सीत आलो. घरात, नात्यात कोणी डॉक्टर नाही, त्यामुळे अमेरिकेतलं मेडिकलचं गणित सांगणारं कोणी नव्हतं. आज मी मेडिकल स्कूलमध्ये आहे. हे लिहिते आहे ते सध्या वेटलिस्टवर असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीसुद्धा.

आधी यादी हलते कधी, ते समजून घ्या. एकाच विद्यार्थ्याला तीन-चार ठिकाणी जागा मिळालेली असते. एएएमसी, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, तिच्या नियमांप्रमाणे त्याने 30 एप्रिलपर्यंत एक जागा ठेवून बाकीच्या सोडायच्या असतात. म्हणून एप्रिलअखेर आणि मे महिन्यात यादी सर्वांत जास्त हलते, आणि मग वर्ग सुरू होईपर्यंत, म्हणजे जुलै-ऑगस्टपर्यंत थोडीथोडी हलत राहते. काही कॉलेजं तुमचा क्रमांक सांगतात, पुष्कळशी सांगत नाहीत. काही याद्यांना क्रमांकच नसतो. जागा रिकामी झाली की पुन्हा फायली काढून बघतात. रोज पोर्टल उघडून बघण्याने काही होत नाही. मी महिनाभर तेच केलं.

त्याहून मोठी चूक म्हणजे ईमेल आल्याच्या चौथ्या दिवशी मी घाईघाईत पाठवलेलं पत्र. दीड पान. तुमचं कॉलेज मला किती आवडलं, मी किती मेहनती आहे, संधी दिलीत तर सोनं करीन. त्यात नवीन अशी एकही गोष्ट नव्हती. आमच्या विद्यापीठातल्या प्री-मेड ॲडव्हायझर बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "नोव्हेंबरनंतर तुझ्या आयुष्यात काय बदललं?" काहीच बदललं नव्हतं. "मग कमिटीने दुसरा निर्णय का घ्यावा?"

त्यांच्या टेबलाशी बसून आम्ही माझा अर्ज ओळीओळीने वाचला. तुम्हीही हे पहिल्यांदा करा, आणि एकट्याने करू नका. मार्क चांगले होते. प्रयोगशाळेत दोन वर्षं काम केलेलं होतं. दोन ठिकाणी खड्डा होता. एमकॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर 472 ते 528 च्या मापावर 507, त्यात कार्स या वाचनाच्या भागात 118 ते 132 च्या मापावर 123. आणि रुग्णांबरोबर घालवलेला वेळ फारच थोडा: हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात शनिवारी बसायचं, लोकांना लिफ्ट दाखवायची. "डॉक्टर व्हायचंय म्हणतेस," बाई म्हणाल्या, "पण आजारी माणसाच्या जवळ तू कधी गेली आहेस, ते मला यात सापडत नाही." लागलं मला ते. पण खरं होतं.

आपल्या घरांतून मुलं इथेच चुकतात, असं मला आता वाटतं. कुठे कमी पडलो असं वाटलं की आपण आणखी मार्क आणायला धावतो. आणखी एक कोर्स, आणखी एक सर्टिफिकेट. मार्क खरोखर कमी असतील तर तेच करायला हवं. पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतरचे जादा कोर्स, किंवा वर्षभराचा मास्टर्स करून सायन्सचे ग्रेड वर नेता येतात. फक्त एक लक्षात ठेवा, अर्जात जुने ग्रेड पुसले जात नाहीत. कम्युनिटी कॉलेजचेही धरतात आणि पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड धरतात. पण खड्डा एकीकडे आणि भर दुसरीकडे, असं होऊ देऊ नका.

मी सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला. केंद्राच्या नियमानेच त्याला निदान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, राज्यागणिक त्याहून जास्तही. मार्चअखेर एका नर्सिंग होममध्ये सकाळी सातच्या पाळीला लागले. अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, भरवणं. बाबांना सुरुवातीला रुचलं नाही. "एवढं शिकून हे?" असं म्हणाले. मी वाद घातला नाही, रोज जात राहिले.

कार्ससाठी 90 मिनिटांत 53 प्रश्न सोडवायचे असतात. ज्यांचं शालेय शिक्षण मराठीत झालंय त्यांना हा भाग जड जातो, कारण तिथे पाठांतर कामाला येत नाही. लेखक काय म्हणतोय आणि कुठल्या सुरात म्हणतोय ते ओळखावं लागतं. पाळीवर जाण्याआधी रोज पहाटे तासभर मी फक्त दोन उतारे वाचायची आणि प्रत्येक परिच्छेदाचं म्हणणं एका ओळीत मराठीत लिहून काढायची. मराठीत लिहिता आलं म्हणजे खरं समजलंय, हा माझा ताळा. एप्रिलमध्ये परीक्षा पुन्हा दिली. 512 आले, कार्समध्ये 126. पण तयारी झालेली नसताना परत बसू नका. जन्मात सातच वेळा देता येते आणि प्रत्येक स्कोअर कॉलेजला दिसतो.

एप्रिलच्या मध्यावर दुसरं पत्र पाठवलं. एक पानाच्या आतच: कोर्स पूर्ण झाला, इतके तास काम झालं, या सेमिस्टरचे ग्रेड हे. शेवटी एकच वाक्य, की जागा मिळाली तर मी इथेच येईन. असं वचन फक्त एकाच कॉलेजला द्यायचं असतं आणि ते खरं असावं लागतं. पाठवण्याआधी त्या कॉलेजच्या सूचना वाचा. काही कॉलेजं मुलाखतीनंतर काहीही पाठवू नका असं स्पष्ट लिहितात. तिथे पत्र पाठवलंत तर सूचना वाचल्या नाहीत एवढंच त्यांना कळतं.

आणि यादी हलायची वाट बघत असतानाच नवा अर्ज तयार ठेवा. एएमकॅसचा, म्हणजे एमडी कॉलेजांचा सामायिक अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेअखेरीपासून पाठवता येतो, आणि गर्दीच्या दिवसांत तपासणीलाच काही आठवडे लागतात. जुलैपर्यंत वाट बघून मग लिहायला बसलात तर रांगेत मागे पडाल. पैशांचंही बघा: 2023 मध्ये एकट्या पहिल्या कॉलेजचे 175 डॉलर होते, पुढच्या प्रत्येकाचे वेगळे, सेकंडरीचे, म्हणजे कॉलेज स्वतः मागवतं त्या पुढच्या अर्जाचे, आणखी वेगळे. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीची फी सवलत योजना आहे, तिचा अर्ज आधी करून मंजुरी घ्यावी लागते. डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची, कॉलेजंही यादीत घ्या. "डीओ म्हणजे खरे डॉक्टर का?" असं मंडळाच्या गणपतीत मला दोघांनी विचारलं. हो, खरे डॉक्टर. अमेरिकेत एमडीसारखाच पूर्ण परवाना मिळतो. 2023 साली एमडी कॉलेजांना सुमारे 52 हजार जणांनी अर्ज केले आणि प्रत्यक्ष प्रवेश घेतला सुमारे 23 हजारांनी. ज्यांचं ग्रीन कार्ड झालेलं नाही, एच-4 किंवा एफ-1 व्हिसावर आहेत, त्यांनी कॉलेज निवडतानाच प्रत्येकाचा नियम बघावा; पुष्कळ मेडिकल स्कूल फक्त नागरिक आणि कायम रहिवासी घेतात.

नवा अर्ज म्हणजे जुनाच निबंध थोडा फिरवून नव्हे. पहिला निबंध मी आजोबांच्या आजारपणावर लिहिला होता. तो बाजूला ठेवला.

जूनमध्ये नर्सिंग होममध्ये एक आजी आल्या. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशननंतर व्यायामासाठी ठेवलेल्या. फाइलवर भाषा हिंदी लिहिलेली. एका सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा नर्स फोनवरच्या हिंदी दुभाष्याकडून विचारून घेत होती. आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "जीव घाबराघुबरा होतोय गं." पलीकडून भाषांतर आलं, त्या घाबरल्या आहेत. नर्सने लिहायला घेतलं. मी आजींचा हात धरला तर गार, घामाने ओला, बोटं थरथरताहेत. मी दुभाषी नाही. रुग्णाचं भाषांतर करायची मला परवानगी नाही, आणि ते बरोबरही आहे. मी नर्सला एवढंच म्हटलं, "या मराठी बोलतात, हिंदी नाही. यांना भीती वाटतेय असंच नसेल, मराठीत हे शरीराबद्दलही म्हणतात. आणि हाताला घाम आहे." तिने लगेच शुगर बघितली. 58, फारच कमी. ज्यूस दिला, डॉक्टरांना फोन केला, मराठी दुभाषी मागवला. दुपारी फाइलवरची भाषा बदललेली मी पाहिली.

सेकंडरीत पुष्कळ कॉलेजं दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यांना विचारतात, मागच्या अर्जानंतर काय बदललं? मी हाच प्रसंग लिहिला. पहिल्या खर्ड्यात मी आजींचा जीव वाचवला होता. ॲडव्हायझर बाईंनी त्यावर सरळ रेघ मारली. "शुगर कोणी बघितली? तू काय पाहिलंस, काय बोललीस, आणि काय करायचं टाळलंस, तेवढं लिही." तसं लिहिलं, आणि ते निम्म्या जागेत बसलं.

पहिल्या कॉलेजची यादी माझ्या नावापर्यंत पोचलीच नाही. जुलैअखेर तसं कळवलं त्यांनी. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका कॉलेजात मुलाखत झाली. समोरच्या डॉक्टरांनी माझ्या ग्रेडबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते, "त्या आजी तुझ्याशी नंतर काय बोलायच्या?" मी सांगितलं: सुनेने आणलेली भाकरी मऊ नसते याबद्दल, आणि गुडघ्याच्या व्यायामाबद्दल तक्रार. आम्ही दहा मिनिटं त्यावरच बोललो.

15 ऑक्टोबरच्या आधी एमडी कॉलेजं सहसा प्रवेशाचं कळवत नाहीत. त्यानंतरच्या गुरुवारी फोन आला तेव्हा मी पाळीवर होते, फोन कपाटात कुलपात. साडेतीनला कपडे बदलताना मिस्ड कॉल दिसला. पार्किंगमध्ये उभं राहून व्हॉइसमेल ऐकला, मग आधी बाबांना फोन लावला.