‘स्लुस’ या स्कँडिनेव्हियन शब्दाचे मूळ कसे शोधावे

दोन दारांमधल्या हौदात नाव घेऊन, पाणी भरून किंवा सोडून, तिला वरच्या अथवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या कालव्यातील लॉकला स्वीडिशमध्ये ‘स्लुस’, तर डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये ‘स्लूसे’ म्हणतात. मूळ शोधायला बसताना आधी प्रत्यय बाजूला काढावा. स्टॉकहोमच्या नकाशावरील ‘स्लुसेन’ या नावातला ‘एन’ केवळ, इंग्रजी ‘द’प्रमाणे, निश्चितता दाखवतो. मेलारेन सरोवर व बाल्टिक समुद्र यांच्यामध्ये राणी क्रिस्टीनाच्या काळात, १६४२ साली, पूर्ण झालेल्या लॉकवरून हे नाव पडले.

यानंतर संपणे किंवा बंद करणे या अर्थाच्या स्वीडिश ‘स्लूता’कडे मन धावते, पण उच्चार आणि अर्थ जुळले म्हणून नाते जोडू नये. स्वीडिश अकादमीचा मोठा शब्दकोश उघडून शब्द कोणत्या भाषेतून आला ते पाहावे. माग उत्तर जर्मनीतील मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या बोलीकडे आणि डच भाषेकडे, तिथून जुन्या फ्रेंचमधील ‘एस्क्लूस’कडे आणि शेवटी उत्तरकालीन लॅटिनमधील ‘एक्स्क्लूसा’कडे जातो. हे रूप ‘बाहेर ठेवणे’ या अर्थाच्या ‘एक्स्क्लूडेरे’ या धातूचे असून त्याचा अर्थ ‘बाहेर अडवलेली’, म्हणजे बांधाने अडवलेली पाण्याची धार, असा होतो. आरंभीचा ‘ए’ वाटेत गळाला. इंग्रजी ‘स्लूस’मध्येही तो नाही, फ्रेंच ‘एक्लूज’मध्ये मात्र टिकला आहे.

ध्वनी जुळले तरी अर्थाची तपासणी उरतेच, आणि माझ्या मते खरी गंमत इथे आहे. दोन दारांचा हौद युरोपात चौदाव्या शतकाच्या सुमारास आला, म्हणजे शब्द वस्तूपेक्षा कितीतरी जुना आहे. त्यामुळे आधी बांध, मग दार आणि त्यानंतर हौद असा अर्थाचा क्रम लावावा. डेन्मार्कमध्ये हा जुना थर अजून दिसतो: १८६१ सालची होयर गावची ‘स्लूसे’ नावा चढवण्यासाठी नव्हती, ती भरतीच्या वेळी उत्तर समुद्राचे पाणी बाहेर रोखण्यासाठी बांधली होती, आणि नावांसाठीचा हौद स्पष्टपणे सांगायचा झाल्यास डॅनिश लोक ‘खोली’ या अर्थाचा शब्द पुढे जोडून ‘कामरस्लूसे’ म्हणतात.

स्वीडिशमधील ‘स्लुसा’ हे क्रियापद किंवा हवाबंद दुहेरी दारासाठीचा ‘लुफ्टस्लुस’ हे शब्द मागाहून घडलेले असल्याने व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून धरू नयेत.