मांडव्याहून म्युझियम

अलिबागकरांना मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय वाटतं त्यापेक्षा जवळ आहे. मांडव्याची लाँच तासाभरात गेटवेला सोडते आणि तिथून म्युझियम चालत दहा-पंधरा मिनिटांवर. गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मात्र जाऊ नका, ती लांब भाऊच्या धक्क्याला लागते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, म्हणून बेत दिवाळीनंतरचा ठेवा. परतीची शेवटची लाँच किती वाजता, हे सकाळीच जेट्टीवर विचारून घ्यायचं.

सोमवार टाळा. त्या दिवशी समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं, आणि एवढं जाऊन ते चुकवण्यात अर्थ नाही.

आत शिरल्यावर दिसेल त्या दालनात घुसू नका. आधी लघुचित्रं गाठा. मुघल, राजस्थानी, पहाडी, दख्खनी अशा शैलींतलं काम इतकं बारीक असतं की केसासारखी रेघ टिपायला ताजे डोळे लागतात. रंग फिके पडू नयेत म्हणून तिथे उजेडही मंद ठेवतात; मिनिटभर थांबा, नजर सरावते. वाचायचा चश्मा न्याच. दहा चित्रं नीट पाहिली तरी पुष्कळ झालं. टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं मोठी आहेत, ती दमल्यावरही लांबून पाहता येतात. भुसा भरलेले प्राणी पोरांसाठी राखून ठेवा, कुरकुर सुरू झाली की तिकडे न्यायचं.

जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच, आणि तिथे तिकीटही नाही.