कपाशीत मित्रकीटक टिकत नाहीत? या चुका टाळा

पेरून महिना झाला, पानामागे मावा दिसला, की लगेच पंप पाठीवर. बिघडायला सुरुवात इथूनच होते. एका पानावर सरासरी 10 मावा किंवा 2 ते 3 तुडतुडे ही आर्थिक नुकसानीची पातळी. त्याखाली फवारा नको. मावाच नसेल तर तो खाऊन जगणारा ढालकिडा, हा मित्रकीटक, खाणार काय? शत्रू आधी येतो, मित्र मागून येतो, आणि मधले दिवस कळ काढावी लागते. त्यात घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचे रासायनिक कीटकनाशक मारले, तर मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी उलट वाढते.

ओळखण्यातही घोळ होतो. ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, त्याची अळी नाही. काळपट, लांबट, नारिंगी ठिपक्यांची ही अळी नवी कीड वाटते आणि फुकट मारली जाते. मावा तीच फस्त करते! केसासारख्या देठावर उभी असलेली अंडी क्रायसोपाची, तोही मित्रकीटकच. मावा बदामी होऊन फुगलेला दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी कीटक वाढतो आहे. तो तसाच राहू द्या.

ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकाचे कार्ड. त्याची तक्रार नेहमीची: ‘लावले, पण बोंडात अळ्या आहेतच.’ ट्रायकोग्रामा बोंडअळीची अंडी संपवतो. आत शिरलेल्या अळीला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) बोंडअळीचे पतंग दिसू लागताच कार्ड लावा. एका कार्डावर ट्रायकोग्रामा आत वाढत असलेली साधारण 20 हजार अंडी असतात. एकरी 3 कार्डे घेऊन, पट्ट्या कापून, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. त्यानंतर आठवडाभर रासायनिक फवारणी केली तर पैसे गेलेच म्हणून समजा.

निंबोळी अर्क 5 टक्के म्हणजे 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाणी करायचे. तो त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा. कडक उन्हात त्याचा गुण जातो.

बांध तासून चकाचक करू नका. कडेला चवळी, झेंडू असू द्या. गाजरगवत आणि पेठारी मात्र उपटाच, पिठ्या ढेकूण तिथेच पोसला जातो.

आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून पुन्हा कापूस, घेऊ नका. डिसेंबरनंतर उभ्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीला आयते खाद्य मिळत राहते, तेव्हा कितीही कार्डे टाचली तरी पुरी पडत नाहीत. वेचणी संपली की शेळ्या-मेंढ्या चारा आणि पऱ्हाटी उपटा. ती बांधावर रचून ठेवू नका, कारण उरलेल्या बोंडांत अळी तशीच जिवंत राहते.