‘मला कळत नाही’ हीसुद्धा माहितीच असते

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मुलाखतीत मला टोप्यांचं कोडं पडलं. तीन लाल आणि दोन काळ्या टोप्या, रांगेत तीन माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर त्यांतलीच एक. मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसतात, मधल्याला फक्त पुढच्याची, पुढच्याला कुणाचीच नाही. मागचा म्हणतो, “माझा रंग कळत नाही.” मधला म्हणतो, “मलाही नाही.” आणि ज्याला काहीच दिसत नाही तो पुढचा म्हणतो, “माझी लाल.” मी नुसता घाम पुसत बसलो. ज्यांना दिसतंय त्यांना कळेना, मग याला कसं कळलं? मुलाखत तिथंच आटोपली. तासगावला परतताना एसटीत कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर “लाल” म्हणणार होतो.

नंतर सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत वर्षभर या जातीची कोडी सोडवली. आता कॅट किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं हीच अडचण घेऊन येतात, म्हणून लिहितोय.

माझी गाडी रुळावर आणली ती घरच्या बोलण्यातल्या एका गोष्टीनं. आमचे आबा खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल बघायला जायचे. तिथला जुना सौदा रुमालाखाली: दलाल हात झाकून बोटं दाबतो, भाव ज्याचा त्याला कळतो, भोवतीच्या बघ्यांना नाही. यावरून मी स्वतःच एक कोडं रचलं.

आबांनी बैल घेतला. किंमत हजारांत, या आठांपैकी एक: 51, 61, 62, 72, 73, 74, 83, 84. रुमालाखाली त्यांनी थोरल्या नातवाला फक्त दशकाचा अंक सांगितला, धाकट्याला फक्त एककाचा. यादी दोघांनाही ठाऊक, आणि कुणाला काय सांगितलंय हेही. मग बोलणं असं झालं:

थोरला: “मला किंमत कळत नाही.”
धाकटा: “मलाही नाही.”
थोरला: “मला अजूनही नाही.”
धाकटा: “आता मला कळली!”

पुढं वाचण्याआधी कागदावर तक्ता काढा. आडव्या ओळी दशकाच्या, उभे रकाने एककाचे. थोरला म्हणजे ओळ, धाकटा म्हणजे रकाना. ही एवढी सवय लागली तरी अर्धं काम होतं.

थोरल्याचं पहिलं ‘नाही’: पाचाच्या ओळीत एकटा 51 आहे. त्याला 5 सांगितलं असतं तर तो लगेच बोलला असता. म्हणून 51 खोडा. आता एकाच्या रकान्यात 61 एकटा उरला, आणि तरी धाकटा ‘नाही’ म्हणतो, म्हणजे 61 गेला. मग सहाच्या ओळीत 62 एकटा पडतो. थोरल्याला ‘अजूनही नाही’, म्हणून तोही गेला. उरले 72, 73, 74, 83, 84. धाकटा म्हणतो ‘कळली’. तीनच्या आणि चारच्या रकान्यात दोन-दोन आकडे आहेत, दोनच्या रकान्यात एकच. बैल 72 हजारांचा.

नवख्यांची चूक बहुतेक तिसऱ्या वाक्याला होते. ते ‘अजूनही नाही’ हे मूळ यादीवर तपासतात, तिथं सहाच्या ओळीत दोन आकडे दिसतात आणि वाक्य वाया जातं. प्रत्येक वाक्य त्या क्षणी उरलेल्या तक्त्यावरच वाचायचं. मी दर वाक्याला तक्ता नव्यानं काढतो. कागद जातो, पण गोंधळ होत नाही. याच नजरेनं टोप्यांकडे परत गेलो, तर ते कोडं दोन मिनिटांत सुटलं. आणि चीडही आली.

दुसरा खड्डा जरा खोल आहे. सिंगापूरच्या शालेय गणित ऑलिंपियाडमधलं शेरिलच्या वाढदिवसाचं कोडं एप्रिल 2015 मध्ये जगभर फिरलं. त्यात दिलेल्या दहा तारखांपैकी एक तिचा वाढदिवस असतो. फक्त महिना ठाऊक असलेला मुलगा म्हणतो, मला तारीख माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला ठाऊक आहे. बर्नार्डला फक्त तारखेचा आकडा सांगितलेला असतो, महिना नाही. उत्तर 16 जुलै. तरी पुष्कळांनी 17 ऑगस्ट काढलं, कारण त्यांनी ‘बर्नार्डला माहीत नाही’ हे जणू बर्नार्डनंच सांगितलं असं धरलं. पहिल्या मुलानं ते स्वतःच्या महिन्यावरून ओळखलं होतं. त्यामुळं ज्यांचा आकडा यादीत एकदाच येतो त्या दोन तारखाच नाहीत, त्या असलेले दोन अख्खे महिने खोडायला हवेत. ‘ठाऊक आहे’ हे शब्द दिसले की आधी विचारा: कशावरून?

उघडपणे सांगितलेल्या गोष्टीचं वजनही वेगळं असतं. मिरवणुकीनंतर तीन पोरं ओट्यावर बसलीत, दोघांच्या कपाळाला गुलाल आहे, स्वतःचं कपाळ कुणालाच दिसत नाही. आजी म्हणते, “निदान एकाला तरी लागलाय.” हे तर तिघांनाही दिसतंच आहे, मग नवीन काय सांगितलं? पण गुलाल लागलेला एकजण विचार करतो, ‘मी स्वच्छ असेन तर त्या दुसऱ्या गुलालवाल्याला कुणाच्याच कपाळावर गुलाल दिसत नसेल. मग आजीचं ऐकून तो लगेच बोलला असता.’ ‘स्वतःला लागलाय हे कुणाला कळलं?’ असं आजीनं पहिल्यांदा विचारल्यावर सगळे गप्प, दुसऱ्यांदा ते दोघं एकदम हात वर करतात. आजी बोलली नसती तर पोरं तशीच बसली असती. मला हे पटायला आठवडा लागला. पूर आला की कळतं. पाणी चढताना प्रत्येकजण आपल्या गच्चीवरून बघत असतो, पण सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांची धोका पातळी ओलांडल्याचं भोंग्यावरून सांगितलं की गल्ली एकदम सामान बांधायला लागते, कारण आता शेजाऱ्यानंही ऐकलंय हे सगळ्यांना माहीत असतं.

डच गणितज्ञ हान्स फ्रॉइडेंटालनं 1969 मध्ये मांडलेलं बेरीज-गुणाकाराचं कोडं सुरुवातीला घेऊ नका. त्यात दोन संख्यांची बेरीज एकाला सांगितलेली असते, गुणाकार दुसऱ्याला. उत्तर 4 आणि 13 आहे, पण शक्यतांचा ढीग बघून मन खचतं. निदान वीसेक छोटी कोडी झाल्यावर त्याच्याकडे जा.

त्याआधी स्वतः कोडी रचा. मला सोडवण्यापेक्षा रचण्यात जास्त कळलं. आबांच्या यादीत फक्त 81 वाढवून बघा, बाकी बोलणं तेच ठेवा. शेवटी धाकट्याला ‘कळली’ म्हणताच येत नाही. नेमकं कुठल्या वाक्याला गाडी अडली, ते तक्त्यावर शोधा.