रविवारचा बाजार, गुरुवारचा कचरा: आठवड्याचा बेत आखताना या चुका टाळा

गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला मी फ्रिजचा खालचा कप्पा ओढला आणि मेथीची जुडी उचलली, तर अर्धी हातात आली आणि अर्धी खालीच राहिली. बाहेरची पानं पिवळी, आतली काळी, रबरबँड देठांत रुतलेला आणि पिशवीच्या तळाशी हिरवट पाणी. अशा तीन जुड्या. रविवारी सकाळी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून घासाघीस करून आणलेल्या. सासूबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, खतच करायचं होतं तर सरळ तुळशीला घालायचीस की." त्या रात्री बाहेरून डोसे मागवले. मेथीचे पैसे गेले ते गेलेच, वर डोशांचे गेले.

गंमत म्हणजे फ्रिजच्या दारावर आठवड्याचा बेत चिकटवलेला होता. चांगला रंगीत पेनांनी लिहिलेला. गुरुवार: मेथीची पातळ भाजी, भाकरी, कांदा. बेतात वाईट काहीच नव्हतं. फक्त गुरुवारी मी ऐरोलीच्या ऑफिसातून साडेसातला निघते, ट्रान्स-हार्बर लोकलने येऊन ठाण्याला उतरते, रिक्षाच्या रांगेत उभी राहते आणि घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेनऊ होतात. तीन जुड्या निवडायला पाऊण तास लागतो. त्या कागदावर यातलं काहीही नव्हतं.

तेव्हापासून दोन-तीन वर्षं बेत सुधारण्याचा हा उद्योग चालू आहे. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

ताट लिहिलं, ओटा विसरला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपण पदार्थांची नावं लिहितो आणि त्यालाच बेत म्हणतो. पण स्वयंपाकाचा निम्मा वेळ गॅसवर जात नाही, तो निवडण्यात, सोलण्यात, भिजवण्यात आणि वाटण्यात जातो. वालाचं बिरडं घ्या. बुधवारी रात्री जेवायचं असेल तर सोमवारी रात्री वाल भिजत पडले पाहिजेत, मंगळवारी उपसून फडक्यात बांधले पाहिजेत आणि बुधवारी कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायला कोणीतरी निवांत बसलं पाहिजे. आमच्याकडे ते कोणीतरी म्हणजे सासूबाई आणि समोर टीव्ही. त्या गावाला गेल्या की बिरडं बेतातून बाद. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी आता पदार्थांचे तीन ढीग करते. पहिला उभ्या उभ्या होणारा: मुगाची खिचडी, पिठलं, बटाट्याच्या काचऱ्या, अंड्याची बुर्जी. दुसरा आदल्या रात्री आठवण ठेवावी लागणारा: उसळी, छोले, इडली. तिसरा बसून करायचा: मेथी, गवार, बिरडं, भरली वांगी. मग आठवड्याकडे बघायचं. ज्या दिवशी घरी पोचायला उशीर, त्या दिवशी पहिल्याच ढिगातलं. तिसऱ्या ढिगातल्या दोनहून जास्त गोष्टी एका आठवड्यात लिहायच्या नाहीत, मग भाजीवाल्याकडे गवार कितीही कोवळी दिसो.

उसळीच्या बाबतीत ऋतूही बघावा लागतो. मे महिन्यात आठ तास भिजवलेली मटकी फडक्यात बांधली की सकाळपर्यंत मोड येतात. जानेवारीत कधीकधी पूर्ण दिवस लागतो. पावसाळ्यात बांधून विसरलात तर चिकट होऊन वास मारते. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये, तिथे दोन दिवस छान राहतात.

चार माणसं म्हणजे छप्पन्न ताटं, हा भ्रम

दोन वेळा, सात दिवस, चार माणसं: 56 ताटं. हा हिशेब धरून मी कित्येक वर्षं भाजी आणत होते. एकदा सहज आठवडाभर घरात खरोखर किती ताटं वाढली त्याच्या रेघा मारल्या. नवऱ्याची पाच दुपारची जेवणं कॅन्टीनमध्ये. माझी तीन तशीच. मुलगा दोन संध्याकाळी क्लासच्या बाहेर वडापाव खाऊन येतो आणि "भूक नाही" म्हणतो. सासूबाईंचा गुरुवारी दुपारचा उपास. शनिवारी रात्री सगळे बाहेर. एकूण 15 गेली, उरली 41. म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचं अन्न मी रविवारी उगाच खांद्यावरून वाहून आणत होते.

एक आठवडा रेघा मारून बघा. डबा जात असेल तर तो ताट म्हणूनच धरा.

उलटी चूकही होते. सोलून, निवडून भाजी किती उरते याचा अंदाज नसतो. किलोभर मटारच्या शेंगांतून निम्म्याहूनही कमी दाणे निघतात. पानांसकट घेतलेला फ्लॉवर घरी येऊन चिरला की बराच आटतो. पोळ्यांचं गणित मात्र पक्कं ठेवता येतं: एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या 35 ते 40 पोळ्या. त्यावरून दळण किती टाकायचं ते ठरतं, आणि महिनाअखेरीला गिरणीत धावत जावं लागत नाही.

आधी काय नासेल, हा प्रश्न न विचारणं

बेत आवडीने आखला जातो, नासण्याच्या क्रमाने नाही. पालेभाज्या सोमवार-मंगळवारीच संपवायच्या: मेथी, पालक, शेपू, चुका. मधल्या दिवसांत भेंडी, गवार, वांगी. गुरुवार-शुक्रवारसाठी कोबी, लाल भोपळा, गाजर, बीट, सुरण. आठवडा संपताना कडधान्यं आणि पिठलं. एवढा क्रम पाळला तरी निम्मी नासाडी थांबते, हा माझ्या घरचा अनुभव.

आणि सगळं रविवारीच आणायचा अट्टहास सोडा. बुधवारी स्टेशनबाहेर मी एक छोटी फेरी करते, तीनच गोष्टींची: एक पालेभाजी, कोथिंबीर, टोमॅटो. तीनच का? रात्री आठ वाजता भुकेल्या पोटी उभी राहिलेली बाई काहीही विकत घेते. मी एकदा त्या अवस्थेत भाजीच्या फणसाचा दोन किलोचा तुकडा घेऊन आले होते. घरात तेलाचा हात लावून तो चिरणारं कोणी नव्हतं.

दहा मिनिटांत घरपोच आणून देणारी ॲप हाही त्याच अवस्थेचा मोबाइलमधला अवतार. आलं हवं असतं पन्नास ग्रॅम, पण पोचवण्याचे पैसे वाचवायला टोपलीत चिप्स, चीज आणि आधीच घरात असलेलं तिसरं सॉस जातं. मी ॲप वापरते, नाकारत नाही. फक्त यादी कागदावर लिहिल्यानंतरच उघडते.

वाशीच्या बाजाराचा मोह

वाशीला बाजार समितीचे पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्याचा दाणा बाजार. तिथला घाऊक भाव ऐकला की नाक्यावरचा भाजीवाला लुटारू वाटू लागतो. आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी मिळून एकदा बटाट्याची गोणी आणली. मे महिना होता. माझ्या वाट्याचे पंधरा किलो मी सिंकखाली, कांद्यांच्या शेजारी ओतले. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कोंब आणि खालच्या कांद्यांना काळी बुरशी.

कांदा आणि बटाटा एकत्र ठेवू नये. दोघांनाही हवा खेळती लागते, बटाट्याला शिवाय अंधारही लागतो, आणि सिंकखालची ओल दोघांनाही मारते. कोंब आलेला बटाटा अजून घट्ट असेल तर डोळे खोलवर काढून वापरता येतो. पण हिरवा पडलेला, चवीला कडवट लागणारा बटाटा फेकायचाच, त्यात सोलॅनिन तयार झालेलं असतं. बटाटे फ्रिजमध्येही नकोत. थंडाव्यात त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि काचऱ्या गोडूस लागून पटकन काळपट होतात.

घाऊक बाजार सुक्या मालाला परवडतो. वर्षाचा मसाला करायला उन्हाळ्यात मिरच्या, धणे आणायला मीही जाते. डाळी आणते, पण पावसाळा तोंडावर असताना तीन महिन्यांच्या नाही, टोके होतात. रवा आणला की त्याच दिवशी कोरडाच हलका भाजून, गार करून डब्यात. पावसाळाभर अळी होत नाही, शिवाय सकाळी उपमा करताना दहा मिनिटं वाचतात.

ओलं तसंच फ्रिजमध्ये

भाजीवाला दर दहा मिनिटांनी पाणी मारत असतो, भाजी टवटवीत दिसावी म्हणून. ते पाणी आपण पिशवीत बांधून घरी आणतो आणि फ्रिजमध्ये कोंडतो. माझी मेथी खरं तर त्यानेच मेली. रबरबँड सोडा, जुडी पंख्याखाली पसरा, वेळ असेल तर देठं मोडा, आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती चिरायच्या आधी. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय मला होती. शाईमुळे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत असं केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, सांगितलेलं आहे, म्हणून आता जुन्या धोतराचे तुकडे वापरते. तसेही ते पाणी जास्त ओढतात.

भेंडीला ओल अजिबात चालत नाही. टोमॅटो कच्चट असतील तर बाहेरच पिकू द्या. केळी इतर फळांपासून लांब, नाहीतर शेजारची फळंही घाईने पिकतात. आणि दूध फ्रिजच्या दारात ठेवू नका, सारखं उघडझाप होऊन फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा तीच असते.

कॅलेंडर न बघता यादी

संकष्टीच्या दिवशी घरात अंड्यांचा ट्रे आणि साबुदाणा नाही, असं प्रत्येकाचं एकदा तरी झालं असेल. यादी करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाका: संकष्टी, एकादशी, कोणाचे वार. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा ताजे मासे कमी आणि महाग. त्या महिन्यांसाठी आम्ही सुकट आणि जवळा आधीच भरून ठेवतो. लगेच श्रावण लागतो, आणि पाऊस झोडपत असतो तेव्हाच पालेभाज्या महागतात. तेव्हा कडधान्यांवर जास्त भर.

बेत मोडलाच तर

मोडतोच. स्वयंपाकाच्या मावशी न सांगता सुट्टी घेतात, लोकल रखडतात, पुण्याहून चुलत सासरे "सहज आलो" म्हणत उभे राहतात.

माझ्या घरचा आधार म्हणजे फ्रीझरमधलं वाटण. रविवारी कांदा-खोबरं खरपूस भाजून, आलं-लसूण घालून घट्ट वाटते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठोकळे डब्यात भरते. दोन-तीन ठोकळे टाकले की अंड्याची किंवा बटाट्याची रस्सा भाजी वीस मिनिटांत तयार. बराच वेळ वीज जाऊन ठोकळे वितळले तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी आमटीत घाला. वास बदलला असेल तर टाकून द्या.

मलूल गाजर अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवलं की बरंच ताठ होतं. कोथिंबीर मान टाकत असेल तर देठं कापून पेल्यात उभी करा. मऊ टोमॅटोंचं सार. उरलेला अर्धा कोबी थालीपिठात. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा कोणाला सांगायला नको.

भाताबद्दल मात्र मी कडक आहे. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणी द्यायची, हे ठाण्याच्या दमट हवेत करू नका. बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू बाहेर राहिलेल्या भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष नंतर फोडणी देऊन जात नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, मेमध्ये त्याहूनही आधी. यावरून सासूबाईंचे आणि माझे वाद झाले. त्या म्हणतात, आमच्या वेळी कुठे फ्रिज होता. आता भात मीच उचलून आत ठेवते आणि त्या बघत नाहीत.

सध्या फ्रिजच्या दारावर जो कागद आहे त्यात गुरुवारच्या चौकटीत एवढंच लिहिलंय: "पिठलं-भात. जो आधी येईल तो करेल." गेल्या गुरुवारी मुलगा आधी आला. पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या, आजीने त्या एकेक फोडून खाल्ल्या आणि वर मिरचीचा ठेचा मागितला. बेसन आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत ओतायचं, हे आता त्याच चौकटीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.