किरणांना घाबरता आणि अर्थिंग विसरता: मायक्रोवेव्हच्या या चुका टाळा

परभणीत घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं काम मी अठरा वर्षं करतोय. मायक्रोवेव्हच्या तक्रारीला कुणाच्या घरी गेलो की पायातली चप्पल काढायच्या आत एक प्रश्न ठरलेला असतो, "दादा, ह्याच्या किरणांनी काही होत नाही ना?" आणि ज्या मायक्रोवेव्हबद्दल हे विचारतात, तो स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सर आणि फ्रिजच्या पिनांना खेटून लावलेला असतो. पिन काढून बघितली तर एक पाय काळा पडलेला. त्या काळ्या पायाची भीती कुणालाच वाटत नाही, आणि मला रात्री झोपताना आठवतो तो तोच.

म्हणून किरणांचं आधी मिटवून टाकतो. या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातीच्या. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी जो मॅग्नेट्रॉन, म्हणजे या लहरी तयार करणारी नळी, वापरत होते, त्याच्यावर काम करताना १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या माणसाच्या लक्षात आलं की याच्यासमोर खायची वस्तू गरम होते. तोच मॅग्नेट्रॉन आज आपल्या ओट्यावर आहे. त्याच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर आणि दाराच्या काचेतल्या जाळीची भोकं बाजरीच्या दाण्याएवढी, त्यामुळे ती बाहेर निसटत नाही. बटण बंद झालं की लहर संपली, दिवा मालवला की उजेड संपतो तसं. अन्नात काही शिल्लक राहत नाही. फक्त दाराला तडा गेला असेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा दार वाकडं बसत असेल, तर त्याच दिवशी वापर थांबवा. ओला टॉवेल दाराच्या मुठीवर वाळत घालायची सवय असते पुष्कळ घरांत, त्या वजनानं दार हळूहळू खाली बसतं. आणि आत मोबाइल ठेवून बाहेरून रिंग देऊन 'लीक' तपासू नका. मोबाइलला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो, त्यावरून गळतीचं काहीच कळत नाही.

अर्थिंग नसलेला बोर्ड

दोन वर्षांपूर्वीची, एप्रिलमधली गोष्ट. जुन्या गावठाणातला वाडा, पुढच्या दोन खोल्या नवीन बांधलेल्या. सुनेनं हौसेनं कन्व्हेक्शनचा, म्हणजे गरम हवेनं भाजणाराही, मोठा मायक्रोवेव्ह घेतला होता. सासूबाई दारातच म्हणाल्या, "हात लावला की किरणं लागायलेत बघा. अंगात नुसत्या झिणझिण्या. म्या तर जवळच जाईना गेले." सून म्हणत होती की आईंचा भ्रम आहे, कारण तिला काही लागत नव्हतं. ती पायात रबरी चप्पल घालून ओट्याशी उभी राहायची आणि सासूबाई अनवाणी. फरक तेवढाच होता.

मी टेस्टर मायक्रोवेव्हच्या पत्र्याला लावला, तर दिवा लागला. मग बोर्ड तपासला. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरला तर लख्ख पेटतो, फेज आणि अर्थमध्ये धरला तर बल्बची तार लालसुद्धा होईना. म्हणजे तीन भोकांचं सॉकेट दिसायला होतं, पण वरच्या जाड भोकातून निघालेल्या तारेचा जमिनीशी काही संबंध उरला नव्हता.

मायक्रोवेव्हच्या आत, पिनेची वायर जिथं येते तिथं एक फिल्टर असतो. तो थोडासा करंट पत्र्याकडं सोडतो आणि अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावरच थांबून राहतो आणि अनवाणी माणसाला झिणझिण्या देतो. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण आतला मोठा ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या वर वीज तयार करतो आणि त्याच्या त्या वायंडिंगचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, एक टोक पत्र्यालाच जोडलेलं असतं. आत काही बिघडलं, तर पत्र्यावर आलेल्या विजेला जायला अर्थिंग ही एकच सुरक्षित वाट आहे. ती वाट नसेल तर वीज दुसरी वाट शोधते, आणि ओट्याशी उभं असतं आपल्या घरातलंच माणूस.

आम्ही परसात गेलो. तुळशीच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. आपली काळी माती, एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. खड्ड्यातला कोळसा-मिठाचा थर वाळून ठणठणीत झालेला आणि पाइपाजवळ तार गंजून तुटलेली. नवीन तार, नवीन क्लॅम्प, खड्ड्यात पाणी. संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी अनवाणी पायानं मायक्रोवेव्हला स्वतः हात लावून बघितला.

मराठवाड्यात हे मुद्दाम सांगावं लागतं. काळी माती पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग उत्तम असतं, आणि उन्हाळ्यात तीच माती आक्रसून पाइपापासून सुटते. मी माझ्या घरी मार्च ते जून दर रविवारी खड्ड्यात एक बादली पाणी ओततो. भांडी घासलेलंसुद्धा चालतं, पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही. वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. मायक्रोवेव्हच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

पिनेचा तिसरा पाय कापून दोन भोकांच्या सॉकेटात घुसवणाऱ्यांच्या घरी मी काम करत नाही. आधी सॉकेट बदला, मग मला बोलवा.

बोर्डाचा हिशेबही साधा आहे. डब्यावर '८०० वॅट' लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचं. साधा मायक्रोवेव्ह भिंतीतून १२०० ते १४०० वॅट ओढतो, कन्व्हेक्शनवाला दोन हजारांच्या वर जातो, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. सहा अँपिअरच्या सॉकेटाला आणि तीनशे रुपयांच्या एक्स्टेन्शनला ते झेपत नाही. १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, थेट भिंतीतलं. त्यात तडजोड नाही.

उकळी न आलेलं पाणी

ही चूक माझ्या घरातली आहे. थोरली बहीण जालन्याला असते. थंडीत सकाळी अक्कानं गुळगुळीत काचेच्या कपात पाणी ठेवलं, तीन मिनिटं. बाहेर काढून बघितलं तर बुडबुडा नाही. तिला वाटलं व्होल्टेज कमी असेल, पाणी तापलंच नाही. तोच कप परत आत, आणखी दोन मिनिटं. तरी शांत. कप हातात घेऊन तिनं चमचाभर कॉफी टाकली आणि अख्खं पाणी उसळून मनगटापासून कोपरापर्यंत आलं. भावजींनी घाईनं टूथपेस्ट फासली. दवाखान्यात आधी ती पेस्ट खरवडून काढावी लागली, आणि अक्काला भाजण्यापेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला.

गॅसवर पातेल्याचा तळ आधी तापतो, त्याच्या खरबरीत जागांवर बुडबुडे धरतात आणि उकळी दिसते. मायक्रोवेव्हमध्ये पाणीच तापतं, कप नाही. गुळगुळीत काचेवर बुडबुड्याला धरायला जागा मिळत नाही आणि पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी वरून निवांत दिसतं. एकदा तापवलेल्या पाण्यातली विरघळलेली हवा निघून गेलेली असते, म्हणून दुसऱ्यांदा तापवताना धोका वाढतो. मग चमचा, साखर, कॉफी, चहाची पुडी, काहीही पडलं की सगळी उकळी एकदम फुटते.

माझी सवय अशी: कपात ठेवतानाच एक लाकडी चमचा उभा टाकायचा, एका वेळी दीड मिनिटाच्या वर लावायचं नाही, आणि बंद झाल्यावर तीस मोजेपर्यंत दार उघडायचं नाही. खरं सांगायचं तर चहाचं आणि काढ्याचं पाणी मी गॅसवरच ठेवतो. दोन मिनिटं वाचवून काय मिळतं ते अक्काच्या हातावर अजून दिसतं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही.

बाळाची दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीही नको. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा घोट जीभ पोळण्याइतका गरम असतो. गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली उभी करा, पाच मिनिटं लागतील, लागू द्या.

भांडी

स्टीलचा डबा नको. लहर धातूवरून परत फिरते, वरण गार राहतं आणि डब्याच्या कडेला ठिणग्या उडतात. आहेरात आलेले सोनेरी काठाचे कप नकोत, तो काठ धातूचाच असतो. मेलामाइनच्या ताटल्या स्वतःच तापतात. श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे डबे थंड वस्तूसाठी केलेले असतात, गरम करायला नाहीत. मला काच सगळ्यात बरी वाटते. प्लास्टिकच लागलं तर खाली त्रिकोणात ५ आकडा आणि मायक्रोवेव्हची खूण दोन्ही बघा. झाकण घट्ट लावू नका.

कन्व्हेक्शनच्या जाळीबद्दल सगळ्यांचा गोंधळ होतो. ती धातूची जाळी कन्व्हेक्शन आणि ग्रिलसाठी आहे. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं नसेल तर साध्या मायक्रोवेव्ह मोडला ती बाहेर काढा.

आपल्या स्वयंपाकाचं

अंडं कवचासकट कधीच नाही. उकडून सोललेलं अंडंही गरम करायला ठेवू नका, ते तोंडात फुटल्याचं मी बघितलंय. तळणीचं तेल नाही. ठेच्याच्या मिरच्या तव्यावरच भाजा. वाळल्या मिरच्या आत ठेवल्या तर दार उघडल्यावर घरभर ठसका लागतो, आणि ठेच्याला ती चवही येत नाही.

शेंगदाणे भाजता येतात, पण त्यात पाणी कमी आणि तेल जास्त, त्यामुळे ते आतून आधी करपतात. वरून गोरे दिसतात म्हणून लोक अजून दोन मिनिटं लावतात आणि धूर होतो. अर्ध्या-अर्ध्या मिनिटानं काढून हलवा आणि एक दाणा फोडून आतला रंग बघा.

शिळी भाकरी नुसती ठेवली तर कडक होते, कारण आधीच कमी असलेलं पाणी निघून जातं. तिच्यावर पाण्याचा हात फिरवा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि वीस सेकंद. फडकं ओलंच हवं, कोरडं पेट घेऊ शकतं.

लहर अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच जाते, मधला भाग बाजूच्या उष्णतेनं तापतो. येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, उरलेली भज्जी (मिसळीची भाजी) भरगच्च वाडग्यात घालून पाच मिनिटं लावली तर कडेला रटरटते आणि मधे गारच असते. पसरट भांड्यात घ्या, निम्म्यावर थांबवून हलवा, बंद झाल्यावर दोन मिनिटं तशीच ठेवा. भाताचं वेगळं: शिजल्यावर तासन् तास बाहेर राहिलेला भात परत कितीही तापवला तरी सुरक्षित होत नाही. त्यात जंतूंनी सोडलेलं विष तापवून जात नाही. उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये.

बिघडला असं वाटलं तर

आत ठिणग्या: उजवीकडच्या भिंतीतला खाकी पुठ्ठ्यासारखा तुकडा बघा. तो अभ्रकाचा पत्रा. त्यावर तेलाचे शिंतोडे जळून काळे झाले की तिथं ठिणगी पडते. रोज रात्री ओल्या फडक्यानं पुसला तर वर्षानुवर्षं जातो. जळाला असेल तर नवीन घाला, तो स्वस्त मिळतो. पण पत्र्याशिवाय चालवू नका.

चालता चालता बंद पडतो आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू होतो: बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, आणि मायक्रोवेव्ह भिंतीला चिकटून, वर विणलेला रुमाल, रुमालावर बरण्या. आतला सेफ्टी स्विच तापून वीज तोडतो. चारी बाजूंनी वीतभर जागा सोडा.

फिरतो, दिवा लागतो, पण गरम होत नाही: आधी व्होल्टेज बघा. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की गावाकडं व्होल्टेज पडतं आणि जेवण निम्मंच तापतं. लाईट गेली की पिन काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. व्होल्टेज ठीक असेल तर पुढचं काम मेकॅनिकचं. स्क्रू खोलू नका. व्हिडिओ बघून खोलणाऱ्या पोरांवर माझा खरा राग आहे, कारण त्यांना वाटतं पिन काढली म्हणजे वीज गेली. आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, २१०० व्होल्टचा असतो आणि पिन काढल्यावरही भरलेला राहू शकतो. माझ्या उस्तादांनी मला पहिल्या दिवशी फक्त तो रिकामा करून दाखवला होता. फट्कन् आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडला. पुढचे सहा महिने त्यांनी मला आत हात घालू दिला नाही.

आत काही पेटलं तर दार उघडू नका. दार उघडलं की हवा मिळते आणि जाळ बाहेर येतो. भिंतीवरचं बटण बंद करा, पिन काढा आणि काचेतून बघत उभे राहा. जाळ विझून धूर बसेपर्यंत दाराला हात लावायचा नाही.