पक्षाघातानंतरची फिजिओथेरपी : घरच्यांनी या चुका टाळाव्यात

अंगावरून वारे गेलेला रुग्ण घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही सुचवून जातो : कबुतराचे रक्त चोळा, अमक्या गावचे तेल आणा, महिनाभर हलू देऊ नका. या सल्ल्यांपायी मोलाचा काळ हातचा जातो, कारण हालचाली परत येण्याचा वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. त्याचे काही काम उरलेले भाग शिकतात आणि त्यासाठी तीच हालचाल रुग्णाने स्वतः शेकडो वेळा करावी लागते. अर्थात अतिघाईही नको. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या २,१०४ रुग्णांच्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच वारंवार अंथरुणाबाहेर काढलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा काहीशी वाईट आढळली होती.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र मायेपोटी होते, ती म्हणजे लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवणे. खांद्याची खोबण उथळ असते आणि सांधा मुख्यतः स्नायूंच्या आधारावर टिकतो. ते सैल पडले की हाताच्या नुसत्या वजनानेही सांधा खाली सरकतो आणि अशा वेळी दिलेला एक हिसका पुढे कित्येक महिन्यांचे दुखणे मागे लावतो. रुग्णाची पावले जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवावीत, त्याला नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायला सांगावे आणि कमरेला आधार देऊन उठवावे. बसल्यावर तो हात लोंबकळू न देता उशीवर ठेवावा. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. छताला कप्पी टांगून दोरीने हात वर ओढण्याचा घरगुती व्यायामही याच कारणासाठी टाळावा.

हातात रबरी चेंडू देण्याची पद्धत सार्वत्रिक असली तरी बोटे आवळून आखडलेली असतील तर तिचा फारसा उपयोग नाही. अशा रुग्णाला मूठ मिटण्यापेक्षा उघडणे अवघड जाते आणि सराव त्याचाच हवा. तीच गोष्ट भरवण्याची. दहा मिनिटांचे जेवण अर्ध्या तासावर गेले तरी घास त्याचा त्यालाच घेऊ द्यावा. मात्र पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये.

बधिर अंगावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही.

वर्ष उलटले म्हणून व्यायाम सोडून देणारेही अनेक आहेत. तोल आणि चालण्याचा वेग यांत त्यानंतरही फरक पडू शकतो, पण जुनेच व्यायाम रेटत न राहता फिजिओथेरपिस्टकडून ते बदलून घ्यावे लागतात.